पडद्यांच्या दुकानाची वेबसाइट: लोक पाहून जातात, विचारत नाहीत. काय करावं?

गांधीबाग_फर्निशिंग
नमस्कार मंडळी. नागपूरला गांधीबागेत पडदे अन् सोफ्याच्या कापडाचं दुकान आहे. वेबसाइट वर्डप्रेसवर आहे: डिझाइनचे फोटो, पत्ता, फोन नंबर, बस. लोक फोटो पाहतात अन् निघून जातात. जे फोन करतात त्यांचा पहिला प्रश्न एकच, "आमच्या खिडकीला किती खर्च येईल?" माप विचारलं की "मोजून सांगतो" म्हणतात, मग फोन येत नाही. एक जण चॅटबॉट, बक्षिसाचं फिरतं चक्र आणि थ्रीडी खोली असं पॅकेज देतोय. दिवाळीआधी काहीतरी उभं करायचं आहे, बजेट बेताचं. सुरुवात कुठून करू?

मापपट्टी
भाऊ, उत्तर तुमच्याच प्रश्नात आहे. गिऱ्हाइकाला आकडा हवाय, तो वेबसाइटने द्यावा. पॅकेज बाजूला ठेवा आणि आधी पडद्याचं खर्च-गणक बनवून घ्या. काउंटरवर तुम्ही जो हिशेब तोंडी करता तोच पानावर आणायचा आहे.

आयलेट पडद्याचं (वरच्या कडेला रॉडसाठी गोल कड्या असलेल्या) सूत्र असं. खिडकीच्या रुंदीत दोन्ही बाजूंना ६-६ इंच मिळवा, ही रॉडची लांबी. तिची दुप्पट करा आणि कापडाच्या पन्ह्याने, म्हणजे रुंदीने, भागा. ५ फुटी खिडकी: ६० + १२ = ७२ इंच, दुप्पट १४४, भागिले ४८ इंच पन्हा, म्हणजे ३ पट्टे. चुण्यांचा पडदा असेल तर दुपटीऐवजी अडीचपट धरा. उंची रॉडपासून जमिनीपर्यंत ७ फूट असेल तर ८४ इंच, वरची-खालची दुमड धरून आणखी १२, म्हणजे ९६ इंच किंवा २.४४ मीटर. ३ पट्ट्यांना ७.३२ मीटर कापड. समजा दर ३५० रुपये मीटर आणि शिलाई १५० रुपये पट्टा, तर २,५६२ + ४५० = ३,०१२ रुपये.

मोठ्या छापाच्या कापडात हाच हिशेब फसतो. नक्षी दर ६४ सेंटीमीटरला परत येत असेल तर २.४४ मीटरचा पट्टा कापून चालत नाही, शेजारच्या पट्ट्याशी फुलं जुळणार नाहीत. चार पूर्ण नक्ष्या घ्याव्या लागतात, म्हणजे २.५६ मीटर. तीन पट्ट्यांना ७.६८ मीटर होतात. एका खिडकीमागे ३६ सेंटीमीटर वाढले; चार खिडक्यांच्या घरात जवळजवळ दीड मीटर. म्हणून प्रत्येक कापडाच्या नोंदीत दर, पन्हा आणि नक्षीचं अंतर हे तीन रकाने हवेतच.

पट्ट्यांची संख्या विषम आली तर ३ आणि ४ दोन्हींची किंमत शेजारी-शेजारी दाखवा. तीनमध्ये दोन्ही बाजूंना दीड-दीड पट्टा जोडावा लागतो, चारमध्ये घेर भरगच्च येतो. हे गिऱ्हाइकाला निवडू द्या. निवड केली की तो पडदा त्याला आपला वाटायला लागतो, आणि दुकानात यायचं खरं कारण तेच असतं.

आणि आकडा बघायला आधी मोबाइल नंबर मागू नका. आकडा फुकट दाखवा, नंबर नंतर आपसूक येतो.

संत्रानगरी_वेब
मापपट्टी यांच्याशी शंभर टक्के सहमत. आता बनवताना गाडी कुठे अडते ते सांगतो.

मापासाठी एकच चौकट ठेवली की लोक ५ फूट १० इंचासाठी ५.१० लिहितात. संगणक ते ५.१ फूट धरतो, म्हणजे ६१.२ इंच. खरं माप ७० इंच. जवळजवळ नऊ इंचांची चूक, आणि भांडण तुमच्या काउंटरवर. फूट आणि इंच वेगळे ठेवा, इंचांसाठी ० ते ११ ची यादी द्या.

दुसरं, मराठी कीबोर्डवरून आलेले देवनागरी अंक जावास्क्रिप्ट आकडा म्हणून ओळखत नाही, उत्तरात किमतीऐवजी 'नॅन' (म्हणजे 'हा आकडा नाही') दिसतं. हिशेबाआधी ० ते ९ हे अंक इंग्रजी अंकांत बदलून घ्यायला सांगा, दोन ओळींचं काम आहे. 'नंबर' प्रकारची चौकट तर बऱ्याचदा हे अंक घेतच नाही. साधी मजकुराची चौकट ठेवून फोनवर अंकांचा कीपॅड उघडेल असं करा. चौकटीतला अक्षराचा आकार १६ पिक्सेलपेक्षा लहान असेल तर आयफोनवर चौकटीला बोट लावताच पान मोठं होतं आणि बटण कडेला पळतं.

निकालाखाली एकच बटण: "हा हिशेब व्हॉट्सॲपवर पाठवा". क्लिक-टू-चॅट लिंकमध्ये (दाबताच तुमच्याशी चॅट उघडणारी) ९१ आणि पुढे दहा अंकी नंबर. अधिकचं चिन्ह, सुरुवातीचा शून्य, मोकळी जागा काही नको. मजकूर आधीच भरलेला: कापडाचा कोड, रुंदी, उंची, पट्टे, रक्कम. मजकूर एन्कोड करून, म्हणजे लिंकमध्ये चालतील अशा चिन्हांत बदलून घ्या. देवनागरीचं एकेक अक्षर-चिन्ह लिंकमध्ये नऊ चिन्हांचं होतं, म्हणून दोन-तीन ओळींच्या वर जाऊ नका. "मा. महोदय" वगैरे अजिबात नको.

मग उत्तर कोण देणार हे ठरवा. दुकान बंद असताना जाणारा ठरावीक संदेश व्हॉट्सॲप बिझनेस ॲपमध्ये लावता येतो, त्यात "सकाळी ११ नंतर उत्तर देऊ" असं स्पष्ट लिहा. चॅटना लेबलं लावा: हिशेब दिला, माप घ्यायचं, आगाऊ रक्कम आली. एक खबरदारी: ॲपच्या साध्या ब्रॉडकास्ट यादीत (एकच संदेश अनेकांना पाठवायची यादी) जास्तीत जास्त २५६ जण बसतात आणि ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच संदेश पोहोचतो. म्हणून पहिल्याच उत्तरात नंबर सेव्ह करायला सांगा.

बर्डीकर
सूत्र बरोबर आहे, पण नागपूरच्या खिडकीला आणखी दोन प्रश्न विचारा.

पहिला: खिडकीत कुलर बसतो का? आपल्याकडे उन्हाळाभर कुलर खिडकीला लागलेला असतो. तिथे जमिनीपर्यंतचा जाड अस्तराचा पडदा हवा अडवतो आणि दमट राहून वास मारतो. "हो" आलं की मखमल यादीतून गाळा आणि दोन बाजूंना सरकणारे, घरी धुता येणारे पॉलिस्टरचे पडदे वर आणा. दुसरा: खिडकी पश्चिमेकडे आहे का? मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, दुपारचं ऊन थेट आत येतं, गडद सुती रंग विटतो. तिथे ब्लॅकआउट (उजेड अडवणारं) किंवा फिकं अस्तर सुचवा आणि त्याचा खर्च वेगळ्या ओळीत दाखवा. हे दोन प्रश्न वर्डप्रेसला जोडायच्या कोणत्याही तयार प्लगइनमध्ये मिळणार नाहीत. दुकानदाराला आपलं गाव माहीत आहे हे गिऱ्हाइकाला इथेच कळतं.

पॅकेजबद्दल. बक्षिसाचं चक्र नकोच, त्यावर कूपनपुरते खोटे नंबर जमतात. चॅटबॉट दरवाजा उघडल्याबरोबर अंगावर येतो आणि त्याची स्क्रिप्ट पान जड करते. ठेवायचाच असेल तर बटण दाबल्यावरच लोड होऊ द्या. थ्रीडी खोलीत कापडाचा रंग खरा दिसत नाही, कापडाच्या धंद्यात तो मोठा धोका. त्याऐवजी प्रत्येक कापडाचे तीन फोटो: दिवसाच्या उजेडात लटकवलेलं, मागून ऊन येत असताना, आणि पट्टी ठेवून जवळून. वेबपी स्वरूपात (फोटोची फाइल हलकी ठेवणारा प्रकार), ८०० पिक्सेल रुंद, शक्यतो १०० केबीच्या आत. पानावरचा मुख्य भाग अडीच सेकंदांत दिसावा आणि बटण दाबल्यावर २०० मिलिसेकंदांत हालचाल व्हावी, हे गूगलचे चांगल्या पानाचे निकष आहेत.

गांधीबाग_फर्निशिंग
मनापासून आभार. कुलरचा मुद्दा डोक्यातच नव्हता. दोन शंका: कापडाचे भाव दर महिन्याला बदलतात, प्रत्येक वेळी वेबवाल्याला पैसे द्यायचे का? अन् सोफ्याचं कापडही यात टाकू का?

संत्रानगरी_वेब
दर गूगल शीटमध्ये ठेवा, ती सीएसव्ही (रकान्यांची साधी मजकूर-फाइल) म्हणून वेबवर प्रकाशित करा, गणक तिथून वाचेल. तुम्ही फोनवरून दर बदलला की काही मिनिटांत साइटवर येतो. प्रकाशित केलेलं कोणालाही वाचता येतं, म्हणून खरेदीचा भाव आणि व्यापाऱ्याचं नाव वेगळ्या फाइलमध्ये. ताका संपला की ती ओळ पुसू नका, "शिल्लक" रकान्यात "नाही" लिहा; जुना हिशेब घेऊन आलेल्याला "हे संपलं, याच्या जवळचं हे बघा" असं दिसायला हवं.

गूगल ॲनालिटिक्समध्ये (साइटवर लोक काय करतात ते मोजणारं साधन) तीन घटना मोजा: माप भरायला सुरुवात, हिशेब दिसला, व्हॉट्सॲप बटण दाबलं. पहिल्या दोनमध्ये गळती असेल तर प्रश्न जास्त झालेत. शेवटच्या दोनमध्ये असेल तर आकडा पटला नाही किंवा बटण दिसलं नाही. तपशीलवार डेटा मुळात दोनच महिने राहतो, सेटिंगमध्ये तो १४ महिने करून ठेवा, नाहीतर पुढच्या दिवाळीशी तपशिलात तुलना करता येणार नाही.

ऑफरसाठी नंबर साठवणार असाल तर संमतीची वेगळी चौकट ठेवा, आधीच टिक केलेली नको. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ संमती स्पष्ट मागतो.

मापपट्टी
सोफा गणकात नको. हातांचा आकार, गाद्या सुट्या की शिवलेल्या, मागची बाजू भिंतीला की उघडी, यावर कापड इतकं बदलतं की आकडा खोटाच येईल. त्या पानावर फक्त सीटची संख्या विचारा आणि व्हॉट्सॲपच्या मजकुरात "समोरून एक, मागून एक फोटो पाठवतो" असं भरून ठेवा. लिंकमधून फोटो जोडला जात नाही, तो गिऱ्हाइकालाच पाठवावा लागतो.