मदत हवी आहे: कोमोडो ड्रॅगनमध्ये नराशिवाय प्रजनन जंगलातही होतं का?

कोमोडो ड्रॅगन या महाकाय सरड्याच्या संवर्धनावर विद्यार्थ्यांसाठी एक माहितीपत्रक तयार करतोय आणि एका मुद्द्यावर गाडी अडली आहे.

2005-06 मध्ये इंग्लंडमधल्या लंडन आणि चेस्टर इथल्या प्राणिसंग्रहालयांत माद्यांनी नराशिवाय गर्भ वाढणारी अंडी घातली, आणि डीएनए तपासणीतून ते सिद्धही झालं. मादीकडे झेड आणि डब्ल्यू अशी दोन लिंगगुणसूत्रं असतात. अशा अंड्यात एकच गुणसूत्र दुप्पट होतं. दोन डब्ल्यू असले तर गर्भ जगत नाही, दोन झेड असले तर नर होतो. म्हणजे पिल्लं सगळी नरच! एवढं मला नीट कळलंय, त्यामुळे यंत्रणा पुन्हा समजावू नका.

हा प्राणी इंडोनेशियातल्या कोमोडो, रिंचा, गिली मोतांग अशा मोजक्या बेटांवर आणि फ्लोरेसच्या काही भागांत उरलाय. 2021 पासून आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संस्थेच्या यादीत तो 'संकटग्रस्त' आहे. लहान बेटांवर संख्या आधीच कमी. तिथे फक्त नर जन्मू लागले आणि जनुकीय विविधताही घटली, तर हा प्रकार तारक ठरण्याऐवजी घातकच ठरेल, असं मला मनापासून वाटतं. पण नुसत्या अंदाजावर मुलांपुढे काही मांडायचं नाही.

2006 चा मूळ शोधनिबंध आणि आययूसीएनची नोंद वाचून झाली आहे; दोन्हींतून माझा प्रश्न सुटला नाही. इंग्रजी संदर्भ चालतील, मात्र पिंजऱ्यातली आणखी उदाहरणं किंवा इतर सरड्यांची माहिती नको.

इंडोनेशियातल्या जंगली पिल्लांच्या जनुकीय तपासणीत असं प्रजनन कधी आढळलंय का, आणि ते कोणत्या बेटावर?