तुसाच्या राखेची सिलिका बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या प्लेटिंगच्या पाण्याला चालेल का?

खानापूरकर:
आमच्या भागातल्या राईस मिलच्या मागं तुसाच्या राखेचे ढीग पडून असतात. राखेत बहुतेक सिलिकाच. ती कॉस्टिक सोड्यात विरघळवायची, सर्फॅक्टंट म्हणजे साबणासारख्या रसायनाभोवती बसवायची, मग सर्फॅक्टंट जाळून टाकायचं. मागं ओळीनं एकसारखी भोकं उरतात. मोबिल कंपनीनं १९९२ साली जाहीर केलेली एमसीएम-४१ ही सच्छिद्र सिलिका याच धर्तीची. ग्रॅमभर पावडरीत १,००० चौरस मीटरच्या घरात पृष्ठभाग! भोकांच्या भिंतींना थायॉल (गंधकाचे) गट चिकटवले की पारा धरून ठेवते. मग क्रोम प्लेटिंगचं पाणी चुन्यानं बसवून गाळ साठवत कशाला बसायचं?

प्लेटिंगवाला:
पारा आमच्यात कुठनं आला रे? आमच्या पाण्यात क्रोमेट, म्हणजे क्रोमचा ऋणभाराचा आयन. त्याला अमाइन (नायट्रोजनचा गट) लागतं, तेही आम्लात. आम्ही पिवळ्या पाण्याचा पीएच ३ च्या खाली आणतो, हिराकस (फेरस सल्फेट) टाकतो, पिवळेपणा गेला की चुना. गाळ फार होतो, कबूल. पण टाकीवरचा पोरगाही ते न चुकता करतो.

भट्टीताई:
प्लेटिंगवाल्या अण्णांचं बरोबर आहे, पण कारण दुसरंच. मी एसबीए-१५ या अशाच सच्छिद्र सिलिकेवर दोन वर्षं घालवलीत. बॉयलरची राख फार तापलेली असली तर सिलिका स्फटिक होऊन बसते, कॉस्टिकमध्ये कितीही शिजवा, दाद देत नाही. चांगली राख मिळाली तरी आधी ५५० अंशांना भाजायचं, अमाइन नंतर चढवायचं. उलटं केलं तर अमाइनच जळतं. एवढं करून धरलेलं क्रोमेट सोडवायला अल्कली लागते, आणि अल्कलीत सिलिका स्वतःच विरघळते. चार-दोन धुण्यांत निम्मा माल गटारात.

खानापूरकर:
मग काय सांगूलास ताई, राख रस्त्याकडेला टाकूया? मी मोठ्या टाकीबद्दल बोलतच नाही. शेवटच्या खळबळायच्या पाण्यात क्रोम पातळ असतं, तिथं वापरूया की.

प्लेटिंगवाला:
तिथं आयन एक्स्चेंज रेझिन, म्हणजे आयन धरणारे प्लॅस्टिकचे मणी आहेत. कॉस्टिकनं धुतले तरी टिकतात.

भट्टीताई:
क्रोमचा नाद सोड. वडगावात सूत रंगवल्यावरचं पाणी बघ. रंगाचे मोठे रेणू झिओलाइट या सच्छिद्र खनिजाच्या बारीक भोकांत शिरत नाहीत, यांत शिरतात. अर्थात तिथंही सक्रिय कोळशाशी गाठ आहे, आणि तो स्वस्त. तू आधी मिलमधनं डबाभर राख आण. काळी आहे की पांढरट, त्यावरनं किती तापलीय त्याचा अंदाज येईल, तेवढं बघूया.

खानापूरकर:
काळीच आहे बहुतेक. सोमवारी आणतो.