गॅसिफायर : तापमान चढवायचं की राख सांभाळायची?

माहुलकर : गॅसिफायर म्हणजे वाफ आणि मोजका ऑक्सिजन देऊन कोळशाचा जळाऊ गॅस करणारी भट्टी. जास्त गॅस हवा म्हणून ऑक्सिजन वाढवत न्यायचा, हे आपल्या कोळशाला मानवत नाही. राख ३५-४० टक्के. फ्लुइडाइज्ड बेड, म्हणजे खालून येणाऱ्या वायूवर उकळत्या पाण्यासारखा खदखदणारा कोळशाचा थर, हजार अंशांच्या आसपास चालतो; ऑक्सिजन जरा वर गेला की राख मऊ पडते, कण चिकटतात आणि क्लिंकर, म्हणजे राखेचं घट्ट ढेकूळ, धरतो. एका प्रायोगिक संयंत्रात असताना बेड थंड करून तळातून नारळाएवढी ढेकळं मी स्वतः काढली आहेत. फोडली तर आत कोळसा तसाच काळा! राख बघून वाफ-ऑक्सिजनचं प्रमाण ठरवा, सायक्लोनमध्ये (गॅस गरागरा फिरवून धूळ वेगळी करणाऱ्या यंत्रात) अडकलेली पूड परत बेडमध्ये सोडा. गॅस थोडा कमी मिळाला तरी चालेल, संयंत्र बंद पडता कामा नये.

ठाणेकर : सपशेल असहमत. तापमान कमी ठेवलंत की कार्बन राखेबरोबर बाहेर जातो. पैसे मोजून, रेल्वेने आणलेला कोळसा ढिगावर टाकायचा? स्लॅगिंग गॅसिफायर, म्हणजे राख वितळवून बाहेर काढणारा, १४०० अंशांच्या वर चालतो, कार्बन जवळजवळ सगळा वापरला जातो, डांबराची कटकट नाही. चुनखडी घाला, राख पातळ होऊन वाहते.

माहुलकर : १०० टन कोळशात ४० टन राख. ती वितळवायची उष्णता त्याच कोळशातून जाणार ना? वर चुनखडीचं वजन. आणि तो वितळलेल्या राखेचा रस भट्टीच्या विटा खातो. तिरुचिरापल्लीला भेल या सरकारी कंपनीने ६.२ मेगावॅटच्या प्रायोगिक संयंत्रासाठी फ्लुइडाइज्ड बेड उगाच नाही आणला.

चेंबूरची : ट्रॉम्बेची चिमणी बघत वाढले, म्हणून बोलते. वीज केंद्रात हे नकोच. दुपारी सौर वीज असते, संध्याकाळी मागणी चढते. गॅसिफायर रोज असा वरखाली केला तर विटांना तडे जाणार. अमेरिकेत केंपरच्या वीज प्रकल्पात सुमारे साडेसात अब्ज डॉलर घालून २०१७ मध्ये गॅसिफायर सोडून दिले. नेदरलँड्सचं बुग्गेनमचं गॅसिफायरवरचं वीज केंद्र २०१३ मध्ये बंद झालं. केंद्र सरकारने २०२४ मध्ये कोळशाच्या वायूकरणाला ८,५०० कोटी मंजूर केलेत, ते खत-मिथेनॉलकडे जाऊ द्या.

माहुलकर : ताई, खर्चाचं तुमचं म्हणणं खरं आहे. पण गॅसिफायर एकाच भारावर ठेवून दुपारचा जास्तीचा गॅस मिथेनॉलकडे वळवता येतो.

ठाणेकर : तेही कोळशातलं राखेचं प्रमाण स्थिर असेल तर! प्रयोगशाळेतून नमुन्याचा आकडा येईपर्यंत तो कोळसा भट्टीतून पार झालेला असतो.

माहुलकर : म्हणून कोळसा वाहून नेणाऱ्या पट्ट्यावरच गॅमा किरणांनी राख मोजणारं यंत्र बसवा. इथे आपलं दोघांचं जमेल.