पुरात बुडालेली गाडी : पावतीवर 'आहे त्या स्थितीत' लिहिले असेल तर दाद मागता येते का?

प्रश्न :
दोन महिन्यांपूर्वी कोल्हापुरातील एका जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याकडून मी ४ लाख १० हजार रुपयांना गाडी घेतली. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनंतर आपल्याकडे कुणीही विचारतो, तसे 'गाडी पुरात होती का' असे मीही व्हॉट्सअ‍ॅपवर विचारले होते. उत्तर 'नाही' असे आले. आता मेकॅनिकने सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढला, तर आतल्या पट्ट्यावर वाळलेला गाळ निघाला. विक्रेता पावतीवरील 'आहे त्या स्थितीत विक्री' या ओळीवर बोट ठेवतो. आरसी (नोंदणी प्रमाणपत्र) अजून माझ्या नावावर झालेली नाही.

उत्तर १ :
विक्रेता व्यावसायिक आहे आणि गाडी घरच्या वापरासाठी घेतली आहे, त्यामुळे ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ लागू होतो. जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करावी. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. आधी लेखी नोटीस द्या. आरसीचे काम मात्र निकालापर्यंत थांबवा.

उत्तर २ :
आपली खरी ताकद त्या व्हॉट्सअ‍ॅप संदेशात आहे. करार कायद्याच्या कलम १७ नुसार नुसते गप्प राहणे सहसा फसवणूक ठरत नाही, आणि 'नीट पाहिले असते तर कळले असते' हा बचावही गप्प राहणाऱ्याला मिळू शकतो. परंतु थेट विचारल्यावर जाणूनबुजून खोटे सांगितले असेल, तर 'आहे त्या स्थितीत' ही ओळ त्याला सहसा वाचवत नाही. त्याला हे ठाऊक होते, हे मात्र दाखवावे लागेल. म्हणून मेकॅनिकचा लेखी अहवाल, गाळाची छायाचित्रे आणि जमल्यास विमा कंपनीकडील जुन्या दाव्याची माहिती मिळवा. तोवर सीटबेल्ट धुऊ नका!

उत्तर ३ :
आरसी थांबवण्याच्या सल्ल्याशी मी सहमत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० प्रमाणे खरेदीदाराने ३० दिवसांत आरटीओला कळवायचे असते, आणि विमा १४ दिवसांत नावावर करून घ्यायचा असतो. तो न केल्यास स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडकतो. गाडी रस्त्यावर चालवणार असाल, तर मालकी हस्तांतराचे फॉर्म २९ आणि ३० आताच दाखल करा, आणि हस्तांतर आपला हक्क राखून केले असल्याचे नोटिशीत नमूद करा. परत द्यायचीच असेल, तर आजपासून ती चालवू नका, कारण वापर चालू ठेवल्यास 'माल स्वीकारला' असा युक्तिवाद पुढे येईल. विक्रेत्याकडे १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या विक्रेत्यांना आवश्यक असलेले आरटीओचे अधिकारपत्र आहे का, हेही विचारा.