मदत हवी आहे: नव्या थारला एमएच ११ चा कोणता नंबर घ्यावा?

नमस्कार मंडळी,

थार बुक केली आहे. डिझेल, मॅन्युअल, फोर बाय फोर. रंग ठरला, टायर ठरले, अडलंय ते नंबरपाशी. गाडी पुढे विकायची नाही, त्यामुळे नंबरही वर्षानुवर्षं बघून समाधान वाटेल असा हवा.

काय नको ते आधी सांगतो. ०००१ च्या वाटेला जायचं नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये आपल्याकडे त्याचं चारचाकीचं शुल्क तीन लाखांवरून पाच लाख झालं. ०००९ किंवा ९९९९ घ्यायचा तर अडीच लाख. एवढ्यात विंच आणि चांगला स्टीलचा बंपर येतो. ४१४१ घेऊन आकडे ‘दादा’ असे वळवून लिहायचा प्रकारही नको. एचएसआरपीवर, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबर प्लेटवर, आकड्यांचा साचा ठरलेला असतो आणि ती काढून दुसरी पाटी लावणं नियमात बसत नाही. मला ते आवडतही नाही.

मला साताऱ्याच्या इतिहासाशी नातं सांगणारा नंबर हवाय. चार निवडले आहेत.

पहिला १७०८. त्या वर्षी १२ जानेवारीला शाहू महाराजांचा राज्याभिषेक साताऱ्यात झाला, आणि अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याचं हे शहर त्यांनीच वसवलं. माझा जीव याच नंबरात अडकलाय. दुसरा १६७३, किल्ला स्वराज्यात आला ते वर्ष. तिसरा १६७४, पण तो रायगडाचा आणि सगळ्यांनाच हवा असतो. चौथा १९४३. आईचं माहेर कुंडल. क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार उभं राहिलं तेव्हा तो भाग साताऱ्यातच होता, सांगली जिल्हा नंतरचा. आईला हा नंबर सांगितला तर तिचे डोळे भरून आले.

आता घरची अडचण. आबांना नंबरातल्या आकड्यांची, एकच आकडा उरेपर्यंत केलेली, बेरीज नऊच हवी. १६७४ ची येते नऊ. १६७३ आणि १९४३ दोन्हींची आठ, म्हणजे शनीचा आकडा, त्याला आबांचा साफ नकार. १७०८ ची सात. त्यावर ते ‘बघू’ म्हणालेत. आबांचा शब्द मोडून गाडी दारात आणायची नाही, हे माझं पक्कं आहे.

जाणकारांना विचारायचंय:

बेरीज फक्त चार आकड्यांची धरायची की एमएच ११ मधले दोन एकही धरायचे? तसं केलं तर १७०८ ची नऊ होते!

आरटीओतली चालू नंबरांची मालिका १७०८ च्या पुढे गेली असेल तर नवीन मालिकेची वाट बघावी का? गाडी तोवर शोरूमला ठेवावी लागली तरी चालेल.

आणि पाटीवर कोणता नंबर उठून दिसतो? मी कागदावर मापाने काढून बघितलं. ६५ मिलिमीटर उंचीचे आकडे. १७०८ मध्ये एक आणि सात सडपातळ, मग शून्य आणि आठ गोल, भरदार. डावी बाजू मोकळी वाटते, पण मला ते छान दिसलं. १६७४ जास्त भरलेला दिसतो.

प्रतिसाद १
दादा, अभिनंदन. आमच्याकडे सांगलीत, एमएच १० ला, बरेच जण आरटीओचा कोडही बेरजेत धरतात, काही जण मालिकेची अक्षरंसुद्धा. आबांना कागदावर मांडून दाखवा, १ आणि १ मिळवले की अठरा, म्हणजे नऊ. मालिकेची दोन अक्षरं मात्र आपल्या हातात नसतात, त्यामुळे अक्षरं धरणाऱ्यांच्या नादी लागू नका.

प्रतिसाद २
आरटीओत जाऊन चालू मालिका कुठवर आलीय ते आधी विचारा. नवी मालिका उघडताना एकाच नंबरला दोन अर्ज आले तर जास्त रकमेचा डीडी देणाऱ्याला नंबर मिळतो. घाई असेल तर दुचाकीच्या मालिकेतून चारचाकीला नंबर घेता येतो, पण शुल्क तिप्पट. १७०८ साठी थांबायची तयारी आहे तर थांबाच, तिप्पट भरू नका.

धागाकर्ता
दोघांचे मनापासून आभार. आबांना बेरीज दाखवली. त्यांनी स्वतः पेन घेऊन पुन्हा केली आणि हो म्हणाले. १९४३ आता आईच्या स्कूटरसाठी बघतोय. दुचाकीची मालिका सध्या कुठे आहे, कुणाला माहीत आहे का?