लंडनचा बेत: संग्रहालयं आणि बागा

वहिनी: जूनमधल्या लंडनचा बेत टाकतेय, सगळ्यांनी बघून घ्या. सोमवारी सकाळी ब्रिटिश म्युझियम, दुपारी नॅचरल हिस्ट्री, मग सायन्स म्युझियम. मंगळवारी व्ही अँड ए (व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम), नॅशनल गॅलरी आणि ग्रिनिच. बुधवार पूर्ण दिवस बागा.

आत्या: अगं एका दिवसात तीन? माझे गुडघे दुसऱ्यातच संप करतील.

दादा: ताई, तू तिथे राहिली आहेस, तूच सांग. सगळ्यांची तिकिटं मिळून बराच खर्च येईल ना?

ताई: नाही येणार. ग्रिनिचची वेधशाळा सोडली तर वहिनीच्या यादीतल्या सगळ्या संग्रहालयांत कायमची दालनं फुकट आहेत. तिकीट घेणारी राष्ट्रीय संग्रहालयंसुद्धा डिसेंबर 2001 पासून फुकट झाली. खास प्रदर्शनांना आणि सायन्स म्युझियममधल्या वंडरलॅबला (प्रयोग करून बघायचं दालन) मात्र पैसे पडतात. तरी वेबसाइटवर वेळेचं फुकट बुकिंग करून ठेव, दारातली रांग वाचते.

ताई: आणि वहिनी, बेताबद्दल मनापासून सांगते. तिकीट काढलं की पैसे वसूल व्हावेत म्हणून माणूस दमला तरी फिरत राहतो. इथे ते ओझंच नाही. दोन तास बघा, बाहेर पडा, वाटलं तर दुसऱ्या दिवशी परत जा. तीन-चार दालनं नीट बघितलेली मुलांच्या लक्षात राहतात. पंचवीस दालनांतून पळवलंत तर त्यांना फक्त पाय दुखलेले आठवतील.

वहिनी: पटतंय. पण मग बागांचा दिवस?

ताई: बागांना वेगळा दिवस देऊच नका. जवळपास प्रत्येक संग्रहालयाजवळ बाग आहे. साउथ केन्सिंग्टन भागाचंच घे. नॅचरल हिस्ट्री, सायन्स आणि व्ही अँड ए तिन्ही एक्झिबिशन रोडवर शेजारी-शेजारी, आणि तोच रस्ता सरळ वर हाइड पार्कला जातो. त्यामागे इतिहास आहे. 1851 चं मोठं औद्योगिक प्रदर्शन हाइड पार्कमध्ये भरलं होतं, आणि त्यातून शिल्लक राहिलेल्या पैशांतून या संग्रहालयांसाठी जमीन घेतली. म्हणून रस्त्याचं नावही एक्झिबिशन रोड. सकाळी संग्रहालय, दुपारी बागेत लोळणं. जूनमध्ये रात्री नऊनंतरही उजेड असतो, त्यामुळे घाई कसलीच नाही.

दादा: तिन्हीतलं मुलांसाठी कुठलं?

ताई: नॅचरल हिस्ट्री, डोळे झाकून. आत शिरल्या शिरल्या छताला टांगलेला निळ्या देवमाशाचा सांगाडा दिसतो, 25 मीटरहून लांब. पण आत जायच्या आधी पाच मिनिटं बाहेर थांबा. 1881 ची इमारत आहे आणि भिंतींवर भाजलेल्या मातीचे प्राणी आहेत. पूर्वेकडच्या बाजूला नामशेष झालेले, पश्चिमेकडच्या बाजूला आज जगात असलेले. मुलांना न सांगता ओळखायला लावा.

ताई: शेजारच्या व्ही अँड एच्या मधल्या अंगणात लंबगोल उथळ हौद आहे, उन्हाळ्यात लहान मुलं त्यात पाय बुडवून खेळतात. कपड्यांचा जास्तीचा जोड जवळ ठेवा.

आत्या: आणि आम्ही म्हाताऱ्यांनी?

ताई: आत्या, तू आधी बसने ये. साउथ केन्सिंग्टन स्टेशनात जिने आहेत, आणि तिथून संग्रहालयांकडे जो भुयारी रस्ता जातो त्यालाही पायऱ्या आहेत. लंडनच्या बस खालच्या पायरीच्या आहेत, चढायला त्रास नाही. मोठ्या संग्रहालयांत मागितली तर व्हीलचेअर मिळते, लाजू नकोस. बागेतली बाकं फुकट. कापडी आरामखुर्चीला मात्र भाडं पडतं.

काका: मला एकच पाहिजे, ब्रिटिश म्युझियम आणि बाबासाहेबांचं घर.

ताई: काका, दोन्ही एकाच दिवशी होतील. म्युझियमच्या मधल्या मोठ्या चौकात गोल रीडिंग रूमची इमारत आहे, 1857 ची. लंडनला शिकत असताना बाबासाहेब म्युझियमच्या ग्रंथालयात दिवस दिवस वाचत बसायचे. आता ते ग्रंथालय तिथून हललंय, पण जागा डोळ्यांनी बघण्यासारखी आहे. रोझेटा स्टोनपाशी (इजिप्तची चित्रलिपी ज्याच्यामुळे उलगडली तो कोरीव दगड) कायम गर्दी असते, तो सकाळी दार उघडताच बघून घ्या. मग आंध्रातल्या अमरावतीच्या स्तूपाच्या चुनखडीच्या शिल्पांकडे वळा. मला विचाराल तर त्या इमारतीत आपण सर्वात जास्त वेळ द्यावा असं दालन ते आहे. आपल्याकडचं इतकं सुंदर काम इतक्या लांब बघताना आनंदही होतो आणि आत कुठेतरी दुखतंही.

काका: दुखणारच. आणि घर?

ताई: 10, किंग हेन्रीज रोड. 1921-22 मध्ये ते तिथे राहत होते, आणि 2015 मध्ये महाराष्ट्र सरकारने ते घर विकत घेतलं. घर बघून प्रिमरोज हिलवर चला. चढ सौम्य आहे, वर गेलं की अख्खं शहर दिसतं, आणि खाली उतरलं की रीजंट्स पार्क. घराच्या वेळा मात्र निघायच्या आधी विचारून घ्या.

वहिनी: नॅशनल गॅलरी आणि ग्रिनिच?

ताई: गॅलरीत एक-दोन तास पुरे, मग चालत सेंट जेम्सेस पार्क. तिथे पेलिकन पक्षी आहेत, पहिले 1664 मध्ये रशियाच्या वकिलाने राजाला भेट दिले होते. दुपारी अडीचच्या सुमारास त्यांना मासे देतात. ग्रिनिचला स्वतंत्र दिवस द्या, जाताना थेम्सवरून बोटीने. वेधशाळेच्या छतावरचा लाल गोळा 1833 पासून रोज बरोबर एक वाजता खाली पडतो, तो बागेतूनच दिसतो. आत्याला टेकडी नको असेल तर पायथ्याशी मॅरिटाइम म्युझियम आहे, तेही फुकट.

दादा: पाऊस आला तर?

ताई: येईलच. संग्रहालय आणि बाग यांची अदलाबदल करायची, दोन्ही जवळच असतात.

वहिनी: मग सोमवारी फक्त नॅचरल हिस्ट्री आणि हाइड पार्क. सकाळच्या पहिल्या वेळेचं बुकिंग आत्ताच करते. काका, घराच्या वेळांचं तुम्ही बघाल का?

काका: ईमेल करतो आजच. उत्तर आलं की इथेच टाकतो.