माळकरी घर आणि जुनाट आजाराचा बोका

ओवी (ठाणे)

आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये गेली चार वर्षे एक भुरा बोका राहतो. तो ज्या थाटात फाटकापाशी बसतो त्यावरून वॉचमनने त्याचे नाव पाटील ठेवले आहे. दिवाळीनंतर पाटलाच्या हनुवटीवरून सतत लाळ गळू लागली आणि अंगाला एक आंबूस वास येऊ लागला. भूक आहे, ताटली दिसताच तो धावत येतो, पण पहिला घास तोंडात घेताच चटका बसल्यासारखा ओरडून मागे सरकतो, पंजाने तोंड खरवडतो आणि मग दोन हात अंतरावर बसून ताटलीकडे नुसता पाहत राहतो. हे दृश्य रोज पाहवेना, म्हणून अखेर त्याला पिंजऱ्यात घालून डॉक्टरांकडे नेले. हिरड्या आणि घशाच्या दोन्ही बाजू लालभडक सुजलेल्या आहेत. रक्ततपासणीत एफआयव्ही, म्हणजे मांजरांमधील प्रतिकारशक्ती खच्ची करणारा विषाणू, आढळला. डॉक्टरांच्या मते सगळ्या दाढा काढून टाकणे हा सर्वांत खात्रीचा उपाय आहे. खर्च १८ हजार रुपये, त्यानंतरही काही औषधे कदाचित कायमची, आणि त्याला पुन्हा रस्त्यावर सोडू नये अशी सूचना.

खर्चाची जुळवाजुळव होईल. माझी खरी अडचण घरातली आहे. सासूबाई माळकरी आहेत, आमच्या स्वयंपाकघरात अंडेसुद्धा येत नाही. पाटलावर त्यांचा राग नाही, उलट त्याची लाळ प्रथम त्यांनाच दिसली आणि दूधभाताची वाटी घेऊन चार मजले उतरणाऱ्याही त्याच. परंतु त्यांचे म्हणणे असे की हे त्याचे भोग आहेत, आपण अन्नपाणी द्यावे, त्याहून अधिक मध्ये पडू नये. यजमानांचे मत नेमके उलटे आहे. बरा न होणारा प्राणी असेल तर इंजेक्शन देऊन त्याची सुटका करावी, हीच दया, असे ते म्हणतात. इंजेक्शन हा शब्द ऐकला की सासूबाई जागेवरून उठून जातात. दोघेही स्वतःला दयाळू समजतात आणि दोघांच्या मधोमध बाल्कनीतल्या पिंजऱ्यात बोका बसला आहे. श्रद्धा असलेल्या घरात जुनाट आजाराचे मांजर ज्यांनी सांभाळले आहे, त्यांनी आपला अनुभव सांगावा, ही विनंती.

तुळशीवृंदावन (पुणे)

ओवीताई, आमच्याही घरात माळ आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

आमच्याकडे मनी नावाची मांजर २ वर्षे ४ महिने होती. ती देवळाच्या पायरीवर सापडली तेव्हाच तिची दोन्ही मूत्रपिंडे बरीचशी निकामी झालेली होती. हा आजार मागे फिरत नाही, फक्त त्याची चाल मंद करता येते. त्यासाठी रोज सकाळी तिच्या कातडीखाली १०० मिलिलिटर रिंगर लॅक्टेट, म्हणजे एक प्रकारचे सलाईन, सोडावे लागे. सुरुवातीला माझे हात थरथरत. मग सवय झाली. बाटली कोमट पाण्यात दहा मिनिटे ठेवायची, पडद्याच्या दांडीला टांगायची, दोन खांद्यांच्या मधली कातडी चिमटीत उचलून तंबू करायचा आणि त्या तंबूत सुई सरळ घालायची. पाणी उतरेपर्यंत मनी माझ्या मांडीवर डोळे मिटून बसे. नंतर तिच्या खांद्याखाली पाण्याची एक लोंबती पिशवी तयार होई आणि दुपारपर्यंत ती घसरत पुढच्या पायापाशी येई. पाहुण्यांना ती गाठ वाटे आणि प्रत्येकाला सांगत बसावे लागे.

सासूबाईंच्या "भोग" या शब्दाविषयी मी एवढेच म्हणेन की त्यांच्याशी तत्त्वचर्चा करू नये, कारण त्यात आपण हरतो. एकनाथ महाराजांनी रामेश्वराला वाहायची कावडीतली गंगा वाळवंटात तडफडणाऱ्या गाढवाला पाजली, ही कथा त्यांना तुमच्या-माझ्यापेक्षा अधिक ठाऊक असणार. गाढवाचे भोग नाथ मोजत बसले नाहीत. मात्र ही कथा सांगताना माझ्या मनात नेहमी एक किंतू येतो. ते गाढव पाणी पिऊन उठले आणि आपल्या वाटेने गेले. जुनाट आजाराचे मांजर उठून जात नाही. उद्या सकाळी तिथेच असते, परवाही असते, आणि तुम्हाला ताप असला तरी त्याची सुई चुकत नाही. एका दिवसाची दया आणि रोजची दया यांत फार अंतर आहे, आणि या दुसऱ्या प्रकाराला आपल्याकडे आधीपासून शब्द आहे: नेम. ज्या बाईने चाळीस वर्षे हरिपाठ चुकवला नाही, तिला रोज आठ वाजता औषध द्यायचे आहे एवढेच सांगावे. ते औषध कशासाठी, बोका बरा होणार की नाही, हे ती विचारणारही नाही. आमच्या सासऱ्यांचे अगदी असेच झाले.

आता मांसाचा प्रश्न. यात मात्र तडजोड करू नये. मांजराला टॉरिन नावाचे द्रव्य पुरेसे लागते, ते त्याच्या शरीरात पुरेसे तयार होत नाही आणि ते मुख्यतः मांसमासळीतून मिळते. ते कमी पडले तर डोळ्यांचा पडदा खराब होतो आणि हृदयाचे स्नायू ताणून सैल होतात. हृदयाचा हा संबंध १९८७ मध्ये सिद्ध झाला. दूधभाताने पोट भरते, पण मांजर आतून उपाशी राहते, शिवाय बहुतेक मोठ्या मांजरांना दूध पचत नाही. आम्ही कोरड्या बाल्कनीत वेगळी शेगडी, वेगळे पातेले आणि वेगळा चमचा ठेवला. पहिल्या दिवशी मी सासऱ्यांची परवानगी मागायला गेले, तेव्हा त्यांनी वर्तमानपत्रातून मान वर न करता सांगितले की, "मांजराने माळ घातलेली नाही."

एक गोष्ट लिहावी की नाही, याचा विचार करीत होते. मनीच्या शेवटच्या आठवड्यात तिने खाणे सोडले, तोंडात व्रण आले, आणि ती न्हाणीघराच्या थंड फरशीला कपाळ टेकवून पडून राहू लागली. डॉक्टरांनी इंजेक्शन देऊन आता थांबवावे असे सुचवले. आम्ही म्हणालो, एकादशी होऊन जाऊ दे. ते दोन दिवस तिने त्या फरशीवर काढले. त्या एकादशीचा उपास माझ्या कोणत्या खात्यावर जमा झाला असेल, कोण जाणे.

खिडकीतली (नवी मुंबई)

मी बारा वर्षे रस्त्यावरच्या मांजरांचे काम करते, त्यामुळे माझी भाषा थोडी रोखठोक आहे, ती समजून घ्यावी.

प्रथम यजमानांसाठी. एफआयव्ही म्हणजे मृत्युदंड नव्हे. हा विषाणू १९८६ मध्ये कॅलिफोर्नियात शोधला गेला आणि तो माणसाला होत नाही, हे सासूबाईंनाही सांगावे. तो मुख्यतः खोल चाव्यातून पसरतो, म्हणजे भांडखोर, नसबंदी न झालेल्या बोक्यांचा हा आजार आहे. एका ताटलीत खाल्ल्याने तो पसरण्याची भीती फार थोडी. नसबंदी करून घरात ठेवलेले असे बोके वर्षानुवर्षे जगलेले मी पाहिले आहेत. याउलट ल्युकेमियाचा विषाणू, म्हणजे एफईएलव्ही, चाटण्यातून आणि सामाईक भांड्यांतूनही पसरतो. त्याची तपासणी झाली नसेल तर आधी ती करून घ्यावी, कारण दोन्ही एकत्र असतील तर सगळा हिशोब बदलतो. दातांची शस्त्रक्रिया भूल देऊनच होणार आहे, तेव्हा नसबंदीही विचारून घ्यावी. आणि दाढा नसलेले मांजर मऊ अन्न अगदी व्यवस्थित खाते. तोंडातली आग थांबल्यामुळे ते आधीपेक्षा जास्तच खाते. वेदना कमी व्हावी म्हणून घरातली पॅरासिटामॉल मात्र चुकूनही देऊ नये. मांजरासाठी ती विष आहे.

दुसरे, पैशांविषयी. त्याच १८ हजारांत मी कित्येक मांजरींची नसबंदी करून दाखवीन, आणि त्यातून जी शेकडो पिल्ले रस्त्यावर मरण्यासाठी जन्मणार नाहीत, ती पाटलापेक्षा कमी मोलाची नाहीत. आमच्या कामात हा हिशोब करावाच लागतो. परंतु तुम्ही संस्था नाही. तुमच्या बाल्कनीत एकच बोका आहे आणि तो तुमच्याकडे पाहतो आहे. संस्थेचा हिशोब घराने करू नये, असे माझे मत आहे, आणि ते माझ्या सहकाऱ्यांना पटत नाही.

श्रद्धेविषयी माझी तक्रार वेगळीच आहे. दर महिन्याला कोणी तरी खोक्यातून आजारी मांजर आणते, "तुम्हाला फार पुण्य लागेल" असे म्हणून हात जोडते आणि लिफ्टचे बटण दाबते. मी आता स्पष्ट सांगते की पुण्य आपल्याकडेच असू द्या, महिन्याला दोन किलो खाद्य तेवढे पाठवा. मांजर मारले तर सोन्याचे मांजर करून काशीला वाहावे लागते, हे आपल्याकडे लहान मुलालाही माहीत असते, पण ते हळूहळू मरू दिले तर काय वाहावे लागते, याबद्दल कोणी काही सांगून ठेवलेले नाही.

शांतिनाथ (सांगली)

आमचे घर जैन आहे, त्यामुळे इंजेक्शनचा पर्याय आम्ही घेत नाही आणि घेणारही नाही. मुंबईत १८३२ साली मोकाट कुत्री मारण्याच्या सरकारी मोहिमेविरुद्ध पारशी समाजाने दंगा केला, आणि त्यानंतर दोनच वर्षांनी जमशेटजी जिजीभॉय आदींच्या पुढाकाराने भुलेश्वरला पांजरपोळ उभी राहिली. प्राणी निरुपयोगी झाला म्हणून त्याला मारायचे नाही, या परंपरेत मी वाढलो. पण तुळशीवृंदावन यांनी जे शेवटी लिहिले आहे, ते वाचून मी बराच वेळ गप्प बसलो होतो. मारायचे नाही असे ठरवणाऱ्याने दुखू द्यायचे नाही हेही ठरवले पाहिजे, आणि हे दुसरे आम्ही पुष्कळदा विसरतो. आमच्या एका म्हाताऱ्या मांजरीला अखेरचे पाच दिवस डॉक्टरांनी लिहून दिलेले तीव्र वेदनाशामक दिले, दर आठ तासांनी, रात्री गजर लावून. सासूबाई इंजेक्शनला नकार देत असतील तर त्यांच्याकडून या गजराचे वचन आजच घ्यावे. वेळ आल्यावर मागितले तर त्यांनाही ते फार जड जाईल.

ओवी (ठाणे)

सर्वांचे आभार. उत्तर द्यायला तीन आठवडे लागले, त्याबद्दल क्षमस्व.

एफईएलव्ही तपासणी झाली आहे, तो विषाणू नाही. दाढा काढल्या, नसबंदीही त्याच वेळी झाली. पहिले चार दिवस पाटील कोपऱ्यात तोंड लपवून बसला होता आणि मी स्वतःला दूषणे देत होते. पाचव्या दिवशी त्याने उकडलेल्या चिकनची पेज चाटून संपवली आणि ओरडला नाही. काल संध्याकाळी तो बाल्कनीतल्या उन्हात बसून छातीची लोकर चाटत होता. तोंड दुखत असल्यामुळे कित्येक महिन्यांत त्याने अंग साफ केलेले नव्हते. सासूबाईंनी मला स्वयंपाकघरातून हाक मारून ते दाखवले.

मी त्यांना नेमाविषयी काही समजावले नाही. औषधाची वेळ आठ आहे, एवढेच सांगितले. हरिपाठ सात पन्नासला संपतो. आता त्या स्वतः घड्याळाकडे पाहून "पाटलाचे झाले का?" असे विचारतात, आणि मी ऑफिसातून उशिरा आले तर थेंब त्याच देतात. मात्र चिकनच्या पातेल्याला त्या हात लावत नाहीत, ते पातेले बाल्कनीबाहेर येत नाही. इंजेक्शनचा विषय मी पुन्हा काढला होता. शांतिनाथ यांनी सुचवलेले गजराचे वचन त्यांनी दिले, बाकीचे तेव्हाचे तेव्हा पाहू म्हणाल्या. यजमानांनी यावर काही म्हटले नाही, पण पिंजरा माळ्यावर टाकून आले.

एक अडचण उरली आहे. अजून आठवडाभर प्रतिजैविकाची गोळी द्यायची आहे. कितीही बारीक करून चिकनमध्ये मिसळली तरी दाढा नसलेला हा बोका सगळे चिकन खातो आणि गोळीचा चुरा तेवढा ताटलीच्या कडेला नीट ठेवून देतो. कोणाकडे उपाय असल्यास कळवावा.